काचेतली सीता

आमच्या सरांना भाषण करायला माणसं लागत नसत, खुर्च्या पुरत. शिपायाने मैदानावर खुर्च्या मांडायला सुरुवात केली की स्टाफरूममध्ये सरांचा घसा खाकरायला लागायचा. तळेऱ्याच्या आमच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे आणि मी भूगोल. एकाच खिडकीशी आमची टेबलं होती, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं मी त्यांचा तो घसा ऐकला. वृक्षारोपण असो, दहावीचा निरोप समारंभ असो, नाहीतर एसटीच्या नव्या थांब्याचं उद्घाटन, सरांचं तिसरं वाक्य कळसूत्री बाहुल्यांवर यायचंच. आमच्या जुन्या शिपायाच्या शोकसभेतही त्यांनी, माणसाचं आयुष्य म्हणजे तरी काय, असा सूर लावला आणि पुढचा अर्धा तास बाहुलीला पांगाऱ्याचंच लाकूड का लागतं ते सांगितलं. शिपायाचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. त्याला वाटलं, अजून बापाचं नाव येईल. ते आलं नाही.

कुडाळच्या पुढे एका वाडीत ठाकर मंडळींची काही घरं पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात. हातभर उंचीच्या लाकडी बाहुल्या, डोक्याला आणि हातांना दोरे, वर नाचवणारा, बाजूला टाळ आणि डमरूसारखा हुडूक, आणि सगळं रामायण. नवरात्रात देवळात खेळ करायचा त्यांचा मान आहे. त्या वाडीतलाच भिको हा बाहुल्या नाचवणारा. सरांनी त्याच्यावर आपला हक्क सांगितला होता. दर रविवारी स्कूटर काढून, खांद्याला झोळी अडकवून सर हायवेने त्याच्या अंगणात हजर व्हायचे. जिल्ह्यात कुठेही बाहुल्यांचा विषय निघाला की लोक म्हणायचे, त्या तळेऱ्याच्या सरांना विचारा. भिकोला विचारा असं कुणी म्हणत नसे. सरांनाही ते फारसं खटकत नसे.

सरांचे आवडते शब्द तीन. मूळ, अस्सल आणि परंपरा. जी वस्तू जुनी ती अस्सल, जी मोडकी ती अधिक अस्सल, आणि जी कशासाठी वापरायची हेच आता कुणाला सांगता येत नाही ती अत्यंत अस्सल. झोळीत एक भिंग असायचं. कुणाच्याही परसात एखादं लाकूड दिसलं की ते उचलून आधी वास घ्यायचे, मग भिंगातून बघायचे, मग मान हलवायचे. माझ्या मागच्या दारी फुटकं जातं पडलं होतं, ते एक दिवस त्यांनी मागून नेलं. पुढे त्यांच्या घरी गेले तर त्यावर चिठ्ठी, ‘दळणयंत्र. काळ अज्ञात.’ ते जातं माझ्या सासूबाईंनी खारेपाटणच्या बाजारातून आणलं होतं आणि काळ त्यांनी मला भांडणात अनेकदा ऐकवला होता. तसं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, कौटुंबिक आठवणी म्हणजे पुरावा नव्हे.

भाषा त्यांची कायम व्यासपीठावरची. स्वतः खारेपाटणच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस, पण मासेवालीशीसुद्धा शुद्ध बोलायचे. ‘ही सुरमई कालची तर नाही ना?’ असं ते विचारायचे आणि ती बाई त्यांना कालचीच द्यायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या की सासू मालवणीत जेवायला हाक मारी आणि हे वर्तमानपत्रासारखं उत्तर देत. सासू बिचारी शेवटी शेवटी यांच्याशी बोलायची बंद झाली. आपलं बोलणं चुकतं असं तिला वाटे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे, ‘हात लावू नका, बघा.’ हे त्यांचं पालुपद. चित्रकलेच्या तासाला मुलांनी चिखलाचा बैल केला की सर तो उचलून कपाटावर ठेवायचे आणि केलेल्या मुलालाच म्हणायचे, आता हात लावायचा नाही, बघायचं. घरी वहिनींनी लोणच्याच्या जुन्या बरणीतून फोड काढली तरी तेच. बरणी काळी होती, चिनी मातीची होती आणि सरांच्या मते बंदरातून आलेली होती. वहिनींनी एक दिवस लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात भरलं आणि बरणी यांच्या उशाशी नेऊन ठेवली. ती तिथेच राहिली.

तोंडवलीचा प्रसंग मी स्वतः पाहिला, नाहीतर खरा वाटला नसता. तिथे समुद्रावर एका रिसॉर्टवाल्याने पर्यटकांसाठी भिकोचा खेळ ठेवला होता. शाळेची सहल तिकडेच गेली होती, म्हणून आम्हीही खुर्च्यांवर बसलो. आधी सरांनी प्रास्ताविक केलं. पुण्यामुंबईची माणसं सोलकढीचे पेले घेऊन बसली होती, त्यांनी पेले संपवले, मग मुलं वाळूत गेली, मग मुलांना आणायला आया गेल्या, आणि आयांना शोधायला बाप. सर बोलत होते. मग त्यांनी झोळीतून पांढरेशुभ्र सुती हातमोजे काढले आणि सर्वांसमक्ष भिकोच्या हातात दिले. माणसाच्या हाताला तेल असतं, घाम असतो, त्याने जुन्या लाकडाची हानी होते, जगभरात असंच करतात, असं म्हणाले.

भिको हा काही गरीब गाय नव्हता. मिशांना कलप लावायचा, गळ्यात जाड साखळी घालायचा, आणि गाण्याच्या ओळी विसरला की स्पीकरवर मोबाइल जोडून मोकळा व्हायचा. तो हातमोज्यांकडे बघून म्हणाला, “ह्ये घालून माका आपरेशन करूचा आसा काय?” पण रिसॉर्टवाला बघत होता, म्हणून त्याने घातले. मोज्यातून दोरा सटकतो हे आमच्या पाचवीच्या मुलांनाही कळलं असतं. हनुमान लंकेत उडी घेताना निसटला तो थेट रावणाच्या डोक्यावर बसला, आणि रावण सीतेसकट आडवा झाला. उरलेल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं. परत येताना एसटीत सर मला म्हणाले की लोकांना अस्सल गोष्टीची कदर आहे.

भिकोने खेळात काही नवीन घातलं की मात्र सर प्रेक्षकांतून उभे राहायचे. एकदा त्याचा हनुमान द्रोणागिरी घेऊन येताना हायवेच्या डायव्हर्जनला अडकला आणि तिथल्या माणसाशी भांडू लागला. सगळं देऊळ हसलं. चौपदरीकरणाच्या काळात आम्ही सगळेच तिथे अडकलेले होतो. सर उठून म्हणाले, हे मूळ संहितेत नाही. भिकोने दोरे तसेच धरून ठेवले आणि पडद्याआडून डोकं काढलं. “मूळ खंय लिवन ठेवलेला आसा ता दाखवा माका, मगे तसाच करतंय.” सर बसले. पण घरी जाऊन त्यांनी शाळेच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला, परंपरेचा ऱ्हास कसा होतो त्याबद्दल. खाली तीन जणांनी नमस्काराचे हात पाठवले. त्यातला एक हात माझाही होता, कारण मजकूर न वाचता हात पाठवणं सोपं असतं.

इतकी वर्षं बाहुल्यांच्या मागे हिंडलेला हा माणूस एकदाही बाहुली नाचवताना कुणी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, सर, दोन दोरे हातात धरून बघायची इच्छा नाही होत? ते दचकले. म्हणाले, “छे. ते कलावंतांचं काम.” मग खिडकीबाहेर बघत एक गोष्ट सांगितली, जी ते भाषणात कधी सांगत नसत. लहानपणी आजोळी, देवळात, ते अगदी पुढे बसले होते. भिकोचा बाप सीता नाचवत होता. वनात जाताना सीता थांबली, मागे वळली आणि तिने त्यांच्याकडे बघितलं. इतर पोरांकडे नाही, त्यांच्याकडे. मी म्हटलं, सर, मानेचा दोरा ढिला असेल. बाहुलीची मान दोऱ्याने वळते. सर हसले नाहीत. त्यांनी पुढच्या तासाचे रंग काढून घेतले आणि निघून गेले. मला वाटलं, चला, निदान एका गोष्टीवर तरी यांचं भाषण होणार नाही.

निवृत्तीनंतर सरांनी घराची पडवी बंद करून तिथे ‘लोककला जतन दालन’ काढलं. त्यासाठी कणकवलीच्या एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातलं काचेचं कपाट आणलं. कपाट चांगलं होतं, फक्त फळ्यांवरचे कागद निघत नव्हते. त्यामुळे दशावताराचा मोडका मुकुट ‘खोकला’ या फळीवर, माझं जातं ‘मलम’वर, असा एकंदर प्रकार होता. उद्घाटनाला सरांनी मला बोलावलं, शाळेतली जुनी मंडळी बोलावली, आणि खेळ करायला भिकोला बोलावलं. या शेवटच्या आमंत्रणाइतका मूर्खपणा मी जन्मात पाहिलेला नाही, आणि मी चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत.

ते का, हे सांगायला भिकोच्या घरची रीत सांगावी लागेल. नाचून नाचून बाहुली जीर्ण झाली की ती टाकत नाहीत, विकत नाहीत आणि घरातही ठेवत नाहीत. तिला नदीवर नेतात. जो तिला नाचवत आला तो काठाच्या दगडावर तिला शेवटची एकदा नाचवतो आणि मग पाण्यात सोडतो. त्यानंतरच नवीन बाहुलीला हळदकुंकू लागतं आणि ती देवळात उभी राहते. जुनी आहे तोवर नवी नाचवायची नाही. सीता एकच. भिकोने दोन वर्षांपूर्वी बापाच्या हातची सीता अशीच पोचवली होती. नाक झिजलेलं, रंग गेलेला, एक हात दोऱ्याने बांधलेला. मग नवी सीता केली, तिला कुडाळच्या दुकानातल्या चकचकीत ब्लाउजपीसची साडी नेसवली, आणि दोन नवरात्रं ती देवळात नाचली.

उद्घाटनाच्या दिवशी सरांनी फीत कापली, दिवा लावला आणि कपाटावरचा पडदा ओढला. मधल्या फळीवर, ‘बालकांसाठी’ या कागदाच्या वर, ती सीता उभी होती. भिकोच्या बापाची. खाली चिठ्ठी, ‘दुर्मिळ. नदीपात्रातून प्राप्त. हात लावू नये.’

भिको पेटारा खाली ठेवायला वाकला होता तो तसाच राहिला. मग काचेजवळ गेला. “ही हंय कशी?”

सरांचा चेहरा उजळला होता. खरोखर उजळला होता, हे मी शपथेवर सांगते. त्यांना वाटत होतं की भिको आता गळ्यात पडेल. “वाचवली,” ते म्हणाले. “तू सोडलीस त्या दिवशी मी खालच्या वळणावर पाण्यात उभा होतो. तुला पत्ताही लागला नाही.”

त्या दिवसाचं वहिनींनी मला नंतर सांगितलं. सर स्कूटरवरून आले ते कमरेपर्यंत भिजलेले आणि छातीशी टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं. “माका वाटला, कोणाचा पोर हाडल्यान की काय,” वहिनी म्हणाल्या. मग ते गाठोडं चुलीवरच्या माळ्यावर, कोकमाची सोलं सुकतात तिथे ठेवलं आणि सर आठवडाभर तापाने पडले. तापातही विचारायचे, सुकली का? वहिनींना काय सुकायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. माळ्यावर चढायची त्यांना बंदी होती.

भिकोने उद्घाटनाचा खेळ केला नाही. आवाजही चढवला नाही. पेटारा उचलला आणि चालत हायवेपर्यंत गेला. सर मला म्हणाले, भारावून गेला. एवढा शिकलेला माणूस इतका आंधळा असू शकतो याचा मला मनापासून संताप आला.

चार दिवसांत ही बातमी भिकोच्या गावात पोचली. नवरात्र तोंडावर आलेलं. देवळाचे म्हातारे मानकरी आणि भिको भाड्याच्या रिक्षाने तळेऱ्याला आले आणि सरांच्या अंगणात बसले. वहिनींनी मला निरोप धाडला म्हणून मीही गेले. मानकऱ्यांनी चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं आणि मग सरळ सांगितलं, “एक सीता कपाटात नि एक देवळात, असा चालाचा नाय.” म्हणजे दोन वर्षं जी सीता देवापुढे नाचली ती जुनी असतानाच नाचली. यंदा जुनी पोचल्याशिवाय खेळ होणार नाही. आणि खेळ झाला नाही, तर गावातली नवी पोरं त्या रात्री ऑर्केस्ट्रा आणायला टपलेली होतीच. एकदा मान खंडला की तो परत मिळत नाही. भिकोच्या घरात तो किती पिढ्या होता ते कुणी मोजलेलं नव्हतं, पण तो आपल्या हातून जाणार या भीतीने भिकोचा चेहरा उतरला होता. कलप लावलेल्या मिशांखाली त्याचे ओठ सारखे हलत होते.

सर कपाटापुढे उभे होते. किल्ली त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली होती. म्हणाले, परत पाण्यात टाकायला मी ही देणार नाही. शंभर वर्षांची वस्तू आहे. तुम्ही लोक ती फेकून देता आणि मग म्हणता काही उरलं नाही.

“फेकूक नाय मास्तरानू,” भिको म्हणाला. “पोचवली तिका. माज्या बापाशीक पोचयलंय तशी.”

यावर सरांनी जे उत्तर दिलं ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, भावना मी समजू शकतो, आपण तिची हुबेहूब प्रतिकृती करून तीच पाण्यात सोडू. मानकऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. भिको उठून दारापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मला वाटतं तो रडत होता.

मग मीच बोलले. मला तो माणूस त्या घटकेला असह्य झाला होता. म्हटलं, “सर, ठेवा तुमच्याकडेच. फक्त पुढच्या भाषणात एवढं सांगा, की हा खेळ देवळात पिढ्यान् पिढ्या चालला होता आणि यंदा बंद पडला. कुणामुळे, तेही सांगा. पुरावा कपाटात आहेच.”

सर आत गेले आणि दार लावून घेतलं. मंडळी उठून गेली. वहिनी सांगतात, दुपारी त्यांनी कपाट उघडलं आणि जेवायला न येता त्या बाहुलीसमोर जमिनीवर बसून राहिले. हात लावला नाही. संध्याकाळी किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि भिकोला फोन करायला सांगितलं. स्वतः केला नाही.

मानकऱ्यांनी त्यावर एक अट घातली, आणि ती ऐकून मला मनातल्या मनात भलताच आनंद झाला, तो मी लपवत नाही. भिकोने सीतेला एकदा नाचवून पोचवली होती, त्याचं काम झालं होतं. आता तिला ज्याने पाण्यातून काढलं, ती त्याच्या हातची. “जेनी भायर काडली, तेनीच नाचवन सोडूची.” म्हणजे सरांनी. सर म्हणाले, मला येत नाही. मानकरी म्हणाले, येवची गरज नाय.

सर्वपित्रीच्या आदल्या सकाळी वहिनी, सर आणि मी भिकोच्या गावी गेलो. मी कशाला गेले? मजा बघायला गेले. नदीवर बायका कपडे धूत होत्या, त्यांनी एक सपाट दगड मोकळा करून दिला. साबणाचा फेस अजून त्यावर होता. पोरं काठावर ओळीने बसली. आम्ही टॉवेलात गुंडाळून आणलेली सीता भिकोने बाहेर काढली, दोरे सरळ केले. सरांनी झोळीत हात घातला आणि ते पांढरे हातमोजे काढले.

“ते काडा,” भिको म्हणाला.

सरांनी ते परत झोळीत ठेवले. भिकोने एक दोरा त्यांच्या बोटात दिला, हा डोक्याचा, मग हा हातांचा. सरांनी आधी तिला नुसता स्पर्श केला. मग उचलली. आणि जे झालं ते हसण्यासारखंच होतं. सीतेचा एक हात ताडकन वर गेला, जशी काही ती एसटी थांबवत होती. मग पाय पुढे आणि अंग मागे, मग गोल फिरून ती स्वतःच्याच दोऱ्यात अडकली. पोरं खिदळली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी तर मोठ्याने हसले. एवढी वर्षं ऐकलेल्या भाषणांचा सूड त्या एका मिनिटात उगवला जात होता. सरांच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले. भिकोने दोरे सोडवून दिले आणि बाजूला बसून गायला सुरुवात केली. सीता धरणीला म्हणते, मला आता घे, असं ते गाणं. मोबाइल नव्हता, हुडूक नव्हता, नुसता त्याचा घोगरा आवाज.

सरांनी नाचवायचा प्रयत्न सोडून दिला. ते नुसते दोरे धरून उभे राहिले. पण हातांना म्हातारपणाचा कंप होता आणि तो दोऱ्यांतून खाली उतरला. ती झिजलेली, नाक गेलेली बाहुली दगडावर एक पाऊल टाकायची आणि थांबायची. थरथरायची. पुन्हा एक पाऊल. बांधलेला हात तिचा तिलाच जड झाल्यासारखा खाली लोंबत होता. माझ्या आईने शेवटच्या दिवसांत खाटेपासून दारापर्यंत असंच चालून दाखवलं होतं आम्हाला. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. भिको पुढची ओळ विसरला. विसरला तर विसरला, त्याने ती आठवायचा प्रयत्नही केला नाही. पाण्याच्या कडेला येऊन सीता थांबली आणि तिने मान वळवली. तिने माझ्याकडे बघितलं.

“पुरे आता मास्तरानू,” भिको हलकेच म्हणाला. “दमली ती.”

सर गुडघ्यावर बसले आणि तिला दोन्ही हातांनी पाण्यात ठेवलं. दोरे त्यांच्या बोटांत गुंतले होते, ते एकेक करून सोडवले. मग सबंध आयुष्यात त्यांच्या तोंडून न ऐकलेली बोली मी ऐकली. “जा गो बाय,” ते म्हणाले. “जा.” बाहुली फेसातून पुढे सरकली आणि खालच्या वळणाकडे गेली. काठावरचे सगळे, मानकरीसुद्धा, आधी त्या वळणाकडे आणि मग सरांकडे बघत होते. सर पाण्याकडे पाठ करून हातमोज्यांची झोळी शोधत होते. ती त्यांच्या खांद्यालाच होती.

एवढ्यावरून सर बदलले असं कुणी समजू नये. पुढच्याच महिन्यात त्यांनी कणकवलीला भाषण दिलं, ‘अंतिम नृत्याची लुप्त शैली’, आणि ती आपल्याला कशी सापडली ते सांगितलं. कपाटातली ती फळी अजून रिकामी आहे. तिच्यावर दिवा चालू असतो आणि खाली चिठ्ठी, ‘हात लावू नये.’ कशाला, असं मी विचारलं. त्यांनी भिंग पुसायला घेतलं.

नवरात्रात खेळ झाला. मी गेले होते. सर पुढे, पोरांच्यात, जमिनीवर मांडी घालून बसले होते. चकचकीत साडीची सीता आली. हनुमान डायव्हर्जनला अडकला, सर उठले नाहीत. खेळ संपल्यावर चपला शोधताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाले, ते ब्लाउजपीस फार वाईट आहे. मग चप्पल घालता घालता अगदी सहज विचारलं, “त्या दिवशी तिने तुमच्याकडे बघितलं ना बाई?”

“मानेचा दोरा ढिला होता,” मी म्हटलं.

ते मान हलवून स्कूटरकडे गेले. दोरा ढिला होता हे मला आजही पक्कं ठाऊक आहे, कुणी विचारलं तर मी तेच सांगते. पण तिने बघितलं तेव्हा नजर खाली घातली ती मी, आणि ते सरांनी पाहिलं होतं.